पाटलीण आणि सरपंच : कामाच्या नावांचे लिंग

पन्नाशीनंतर पुस्तकावरून स्पॅनिश शिकायला बसलो, तेव्हा ‘अल्काल्देसा’ या शब्दापाशी अडलो. ‘अल्काल्दे’ म्हणजे नगराध्यक्ष. त्याचे हे स्त्रीरूप पूर्वी नगराध्यक्षाच्या बायकोला लावत. आज ते स्वतः नगराध्यक्ष असलेल्या बाईचे नाव आहे. शब्द तोच राहिला, पण त्यातली बाई बदलली. मग आपल्या महाड-पोलादपुरातल्या बोलण्याकडे कान दिला.

मराठीत कामाच्या नावांचे स्त्रीरूप मुख्यतः दोन वाटांनी होते. पहिली वाट ‘-ईण’ची : कुंभारीण, माळीण, पाटलीण. कुंभारीण ही कुंभाराची बायको, पण मडकी विकणारीही तीच. नाते आणि काम एकाच शब्दात मावले. पाटलीणबाईंचे तसे नाही. वतन पाटलाचे, त्यांच्याकडे फक्त मान. डॉक्टरीणबाई म्हटले की त्या औषध देतात की डॉक्टरांचा संसार सांभाळतात, हे विचारावेच लागते.

दुसरी वाट संस्कृत वळणाची, ‘-इका’ची : शिक्षिका, लेखिका, नगरसेविका. इथे नाते शिरत नाही. लेखकाची बायको काही लेखिका होत नाही.

तिसऱ्या गटात रूपच बदलत नाही : वकील, तलाठी, आमदार, सरपंच. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा शब्दाची चर्चा झाली, पण शब्द तोच राहिला. कारण त्यातला ‘पती’ नवरा नव्हे, स्वामी.

उलटी गंमतही आहे. सुईणीला पुल्लिंग नाही. मोलकरी म्हणजे मोलाने काम करणारा कोणीही; मोलकरीण मात्र भांडीधुण्यापुरती उरली.

आता सरपंच. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आमच्या डोंगरवाड्यांत पुरुष मुंबईला, शेत-घर बाईच्या अंगावर, ही रीत जुनीच; खुर्ची तेवढी नवी. ‘सरपंचीण’ म्हटले असते तर पाटलीणबाईंसारखी सरपंचाची बायको डोळ्यांपुढे आली असती. लोकांनी ते टाळले आणि ‘सरपंचबाई’ म्हटले. नवा शब्द घडला तो नवऱ्यासाठी : सरपंचपती!

स्पॅनिशमध्ये शब्द बदलला नाही तरी त्याआधीचे ‘एल’ किंवा ‘ला’ बाई की बुवा ते सांगते. मराठीत ते काम क्रियापद करते. म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्याने एक अक्षर जपावे. बाई निवडून आलेल्या गावात ‘सरपंच हजर होते’ असे लिहिले, तर खुर्चीत कोण बसले होते याची शंका कागदावर कायम राहते. ‘सरपंच हजर होत्या’ असे लिहिले, आणि ते खरे असले, म्हणजे पाटलीण ते सरपंच हे अंतर खरोखर कापले गेले.