किल्ल्याची वाट, कातळातलं पाणी

2018च्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या शेतांवर अनोळखी रेघा उमटल्या. जमिनीखाली जुनी भिंत असते तिथे माती उथळ, त्यामुळे पीक आधी सुकतं. बुजलेल्या खंदकावर मात्र ते हिरवं राहतं. विमानातून टिपलेल्या अशा खुणांवरून रोमन काळातली बांधकामं उजेडात आली. रोमन रस्ताही ओळखायला तसा सोपा. मधे भराव, बाजूंना चर आणि जमेल तितकी सरळ आखणी.

पेण-रोह्याच्या डोंगरांत ही युक्ती चालत नाही. इथली वाट सोंडेवरून वळसे घेत चढते, फरसबंदी क्वचितच दिसते आणि उरलंसुरलं पाऊस धुऊन नेतो. इथे पाण्याचा माग काढावा, असं मला वाटतं.

रोमन जगाशी कोकणच्या या किनाऱ्याचा व्यापार होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात चौल ‘सेमिल्ला’ म्हणून येतं. त्यातलं ‘मंदगोरा’ म्हणजे मांदाड, असं काही अभ्यासक मानतात. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांतल्या दानलेखांत लोखंडाचा व्यापारी, माळी, वैद्य, सार्थवाह अशी अख्खी पेठच भेटते. बंदरातला माल घाटावर चढवायचा तर माणसांना आणि जनावरांना वाटेत पाणी हवंच.

ते कुठे मिळेल, हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच ठरलं होतं. सह्याद्री म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. दोन थरांमध्ये कधी तांबड्या, चिकणमातीसारख्या खडकाचा पट्टा असतो. वरच्या भेगाळ थरातून झिरपलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. कातळ खोदणाऱ्यांनी ते नेमकं हेरलं. घट्ट कातळात टाकं खोदलं की गळती कमी. आत खांब सोडून खोलवर नेलं की ऊन लागत नाही, बाष्पीभवनही घटतं. ही खांबटाकी म्हणजे इथल्या स्थापत्यातली सर्वांत हुशार गोष्ट. तटबुरुजांचं कौतुक उगाच जास्त होतं!

पेणजवळच्या सांकशी किल्ल्यावर आणि कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणाऱ्या अवचितगडावर अशी कातळकोरीव टाकी आहेत. अवचितगडावर बांधीव द्वादशकोनी तलावही आहे. गड चढताना तटाआधी टाकी पाहावीत. एप्रिल-मेमध्ये कोणतं टाकं आटतं आणि कोणतं भरलेलं राहतं, हे उंचीसह नोंदवलं, तर झऱ्यावरचं टाकं कोणतं आणि निव्वळ पावसाच्या साठवणीचं कोणतं, याचा अंदाज बांधता येतो.