सगळं खापर थायरॉइडवर?

गैरसमज : ‘थायरॉइड म्हणजे वजन वाढणार, केस गळणार. मनाचा काय संबंध?’

वस्तुस्थिती : संबंध आहे, आणि डॉक्टरांना तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४९ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ रुग्णांची हकिगत छापली. भ्रम, संशय अशा लक्षणांमुळे मनोरुग्ण ठरलेल्या या माणसांचं मूळ दुखणं थायरॉइडचं होतं. थायरॉइड ग्रंथीचा अर्क दिल्यावर त्यातले बहुतेक सुधारले. इतकी टोकाची अवस्था आता क्वचितच दिसते. नेहमी दिसतो तो थकवा, विसराळूपणा, मंदावलेलं बोलणं, कशातच जीव न रमणं. यातलं बरंचसं नैराश्यातही असतं. सोबत थंडी सोसत नसेल, त्वचा कोरडी पडली असेल, बद्धकोष्ठ किंवा पाळीची तक्रार असेल, तर थायरॉइडची शंका घ्यावी. पण खात्री टीएसएच या रक्ततपासणीनेच होते.

गैरसमज : ‘टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे उदासपणाचं कारण सापडलं.’

वस्तुस्थिती : हा गैरसमज जास्त महागात पडतो. थायरॉइड हा चारचौघांत सांगता येणारा आजार. सासरी, ऑफिसात कुणी भुवई उंचावत नाही. त्यामुळे रिपोर्टवर एक आकडा ठळक छापून आला, की घरच्यांना हायसं वाटतं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं राहून जातं. टीएसएच किंचित वाढलेला पण टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन नॉर्मल, अशा ‘बॉर्डरलाइन’ रुग्णांवरच्या २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉइडच्या गोळीने नैराश्याची लक्षणं कमी झालेली आढळली नाहीत. अशा वेळी नैराश्यावर स्वतंत्र उपचार हवेत. दोन्ही आजार एकत्र असतील, तर दोन्ही औषधं एकाच वेळी घेता येतात.

‘आठवडाभर थायरॉइडची गोळी घेतली, काही फरक नाही’ हीसुद्धा नेहमीची तक्रार. हे औषध शरीरात सावकाश स्थिरावतं, म्हणून टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी बघतात. शिवाय गोळी चहासोबत घेतली, तर ती नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने.

आणि बाळंतीण? ती रडवेली झाली की ‘होतं असं, बाळ मोठं झालं की बरं वाटेल’ म्हणून विषय संपवतात. पण बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, चिडचिड, मग मरगळ. म्हणून दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, तर टीएसएच करावा आणि मनाचीही चौकशी करावी. जगणंच नकोसं वाटत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नये. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत असतो, मराठीतही बोलता येतं.