रुग्णालयाच्या दारांतील गर्दी

मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत रात्रीं जाणाऱ्यास भिंतीस लागून उभीं केलेलीं स्ट्रेचरें, त्यांवर कण्हणारे रुग्ण आणि उशाशीं तिष्ठणारे आप्त असें दृश्य बहुधा दिसतें. तें पाहून सुशिक्षित मनुष्यही सहज बोलून जातो कीं, लोक पडशाखोकल्यासाठीं येथें धांव घेतात, म्हणून ही गर्दी! हें निदान कितपत बरोबर आहे, व आपल्या घरांचा या गर्दीशीं संबंध काय, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

कॅनडांतील ओंटारिओ प्रांताच्या रुग्णालयांतील नोंदी तपासून २००७ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ तासांत किरकोळ दुखण्याचे दहा रुग्ण आले, तर इतरांचा तेथील मुक्काम सरासरी पांचसहा मिनिटांनींच वाढतो, असें त्यांत आढळलें. किरकोळ दुखणेकरी औषध घेऊन चालता होतो. अडतो तो गंभीर रुग्ण. त्यास तपासून झालें, भरती करण्याचेंही ठरलें. परंतु वॉर्डांत खाट रिकामी नाहीं. तो दारांतच पडून राहतो, आणि मागून येणाऱ्यास जागा उरत नाहीं.

मंगलकार्यांत आपणांस हाच अनुभव येतो. पहिली पंगत उठल्यावांचून दुसरी बसत नाहीं. अशा वेळीं दारावर माणूस उभा करून पाहुणे थोपविण्यांत काय अर्थ?

इंग्लंडांत या दाटीचा हिशेब बारकाईनें ठेवला गेला आहे. सर्व खाटा भरलेल्या असणें हें कार्यक्षमतेचें लक्षण वाटतें. परंतु शेंकडा ८५ हून अधिक खाटा भरलेल्या राहूं लागल्या म्हणजे ऐन वेळीं खाट न मिळण्याचा धोका सुरू होतो, व ९० च्या पुढें ही अडचण वारंवार उद्भवते, असें तेथील अभ्यासकांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. आलेल्या रुग्णाची घरीं किंवा वॉर्डांत रवानगी चार तासांच्या आंत व्हावी, असें तेथील सरकारनें २००० सालीं ठरविलें. प्रारंभीं पुष्कळ सुधारणा झाली. पण शेंकडा ९५ रुग्णांपुरतें ठेवलेलें उद्दिष्टही जुलै २०१५ नंतर साधलेलें नाहीं. याचें मोल २०२२ सालच्या एका अभ्यासांत दिसतें: खाट मिळण्यास सहा ते आठ तासांहून अधिक वेळ लागलेल्या दर ८२ रुग्णांमागें एक जादा मृत्यु! ही केवळ गैरसोय नव्हे.

उपाय दोन प्रकारचे. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें हुद्दा न पाहतां अधिक जखमीस आधीं उपचार देण्याची पद्धति पाडली; त्याच धर्तीवर आज तांबडा, पिवळा, हिरवा अशा रंगांनीं रुग्णांचा क्रम लावितात. यानें गर्दी हटत नाहीं, तिच्यापासूनचें भय कमी होतें. दुसरा व खरा उपाय खाटा वेळेवर मोकळ्या करण्याचा. न्यूयॉर्क राज्यांतील स्टोनी ब्रूक रुग्णालयानें खाटेवांचून खोळंबलेल्यांस थोडेथोडे करून निरनिराळ्या वॉर्डांच्या वाटेंत नेऊन ठेवण्याची रीत घातली. एका दारावरचा भार सर्व घरानें वांटून घेतला!

आतां आपल्या घरांकडे वळूं. डॉक्टरांनीं सकाळीं जाण्याची परवानगी दिली तरी आज अमावास्या आहे, थोरला मुलगा संध्याकाळीं येईल, घरीं पाहणारें कोणी नाहीं, अशा कारणांनीं खाट दिवसभर अडून राहते. घरीं नेण्याची व्यवस्था रुग्ण भरती होतो त्याच दिवशीं ठरवावी: खोली कोणती, रात्रीं जागणार कोण, विम्याचे कागद कोणापाशीं. सोबतीस एकदोघांहून अधिकांनीं जाऊं नये. मात्र गर्दीच्या भयानें विलंब करूं नये. छातींत कळ, एका अंगाची दुर्बलता, वाचा अडखळणें, धाप लागणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तत्काळ निघावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका २०१४ पासून आहे.

आपण मोकळी केलेली खाट कोणास मिळाली, हें आपणांस कधींच कळणार नाहीं. पण कोणाचें तरी माणूस त्या वेळीं दारांत स्ट्रेचरवर पडून असतें, एवढें ध्यानांत ठेवून बरें झालेलें आपलें माणूस वेळेवर घरीं आणावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.