तुरुंगातून निघालेलं पत्र

तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. बात्राला स्वतःला फाशीची शिक्षा झालेली. पण गाऱ्हाणं मात्र दुसऱ्या कैद्याचं होतं. पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्याचा अमानुष छळ केला होता. पत्रामागे ना वकील होता, ना कायदेशीर मसुदा. तरीही न्यायालयाने ते पत्रच ‘हेबिअस कॉर्पस’, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका मानलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना तुरुंगात जाऊन शहानिशा करायला सांगितलं. निकाल लागला डिसेंबर १९७९मध्ये.

पुढच्याच वर्षी, महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी नोंदवलं की, कैद्याचं साधं पोस्टकार्डही न्यायालयाला पुरे. स्थानबद्धता कायदेशीर आहे, हे सिद्ध करायचं काम सरकारचं.

भोर किंवा वेल्ह्यातल्या वाडीवरच्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! थेट वरिष्ठ न्यायालयात जायचा हक्क दिला तो १९५०च्या राज्यघटनेने, कलम ३२ आणि २२६ मधून. गुन्ह्यासाठी अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. तसं झालं नाही, तर तो स्वतः किंवा त्याच्या वतीने बायको, भाऊ, मित्र मुंबई उच्च न्यायालयात दाद मागू शकतात. शिवाय कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

मात्र मॅजिस्ट्रेटने रीतसर कोठडी दिली असेल, तर सहसा हेबिअस कॉर्पसची याचिका चालत नाही. तिथे जामिनाचा अर्ज करायचा. शिक्षा झाली असेल, तर अपील.

आणि अपिलाला निकालाची प्रत लागते. उदाहरण माधव होसकोट यांचं. त्यांना उच्च न्यायालयाने १९७३ साली तीन वर्षांची शिक्षा दिली. प्रत येरवडा कारागृहात पोचली. त्यांच्या हातात पडली का, यावरच वाद झाला. तुरुंगाधिकारी म्हणाले, दिली होती, दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. होसकोट म्हणाले, मिळालीच नाही. पोच दाखवणारी सही कुठेच नव्हती. ते सर्वोच्च न्यायालयात पोचले, तोवर चार वर्षं उलटून गेली होती. अपिलाची परवानगी मागणारी त्यांची याचिका फेटाळली गेली. पण १९७८च्या त्याच निकालात न्यायालयाने बजावलं: प्रत फुकट द्या, लगेच द्या आणि कैद्याची लेखी पोच घ्या.