जनुक ते प्रथिन : ‘बीआरसीए-१’चे उदाहरण

• डीएनए : चार अक्षरांची (ए, टी, जी, सी) दुहेरी साखळी. रचना १९५३ मध्ये उलगडली.

• संदेशवाहक आरएनए : जनुकाची एकेरी नक्कल. ‘टी’च्या जागी ‘यू’.

• कोडॉन : तीन अक्षरांचा गट. एकूण ६४, पैकी ६१ अमिनो आम्लांचे, ३ थांब्याचे. हरगोविंद खुराणा यांना या उकलीसाठी १९६८ चे नोबेल (विभागून).

• रायबोसोम : कोडॉन वाचून अमिनो आम्ले जोडतो, प्रथिन तयार होते.

• बीआरसीए-१ : १७व्या गुणसूत्रावरील जनुक. प्रथिनात १,८६३ अमिनो आम्ले, काम डीएनए-दुरुस्तीचे. दोन अक्षरे गळाली, की पुढचे सगळे कोडॉन बदलतात आणि प्रथिन अर्धवट राहते. स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

• पनवेल तालुक्यात : खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत आनुवंशिक कर्करोगांवर संशोधन चालते.