यंत्राचे गाऱ्हाणे

मुलांनो, रस्त्याच्या कडेला डोंगर फोडीत असलेले पिवळे, अवजड यंत्र तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. आपल्याकडे त्याला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे खरे म्हणजे पूर्वी अशी यंत्रे बनविणाऱ्या एका फ्रेंच कंपनीचे नाव. पण यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, लोकांच्या तोंडी पोकलेनच बसले आहे. त्याचा लोखंडी हात आणि दातेरी बकेट आपल्या डोळ्यांत भरते. परंतु त्याच्या अंगात मज्जातंतूंप्रमाणे वायरींचे जाळे पसरलेले असते, ते काही दिसत नाही. इंजिनातील पाणी किती तापले, तेलाचा दाब किती आहे, हे निरनिराळे सेन्सर मोजतात आणि त्या वायरींवाटे कंट्रोलर नावाच्या लहानशा संगणकाला कळवितात. त्यात काही विपरीत आढळले, की चालकापुढे दिवा लागतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. हे आकडे म्हणजे यंत्राचे गाऱ्हाणे. ते कसे ऐकावयाचे, हे मला एका पावसाळ्यात पाहावयास मिळाले.

आमच्या गावाजवळच्या घाटात रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते आणि एक पोकलेन दोन दिवस नुसते उभे होते. पडद्यावर ‘११०’ आणि ‘३’ असे दोन आकडे होते. कामावरच्या लोकांनी पुस्तिका उघडली. ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान. झाले! शहरातून नवा सेन्सर आणून बसविला; आकडे तेच. दुसरा आणला, तरीही तेच. मजूर बसून राहिले, मुकादम चिडला, आणि “दिव्यावर कागद चिकटवा आणि चालवा यंत्र,” असेही कोणी सुचविले. मी सहज फिरत तेथे गेलो, तो दुरुस्तीसाठी आलेला मेकॅनिक माझाच एक जुना विद्यार्थी निघाला.

“गुरुजी, यांनी अर्धेच वाक्य वाचले,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे असे होते. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली ‘जे१९३९’ नावाची एक संकेतपद्धती आहे. काही कंपन्यांचे स्वतःचे निराळे संकेत असतात. पण पुष्कळशा अवजड यंत्रांत हीच पद्धत चालते. तीत पहिला आकडा तक्रार कशाविषयी आहे ते सांगतो, आणि दुसरा ती कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. १०० हा आकडा तेलाच्या दाबाचा. त्याच्यापुढे १ आला, तर सेन्सरने दिलेली माहिती विश्वसनीय असून दाब खरोखरच धोक्याइतका उतरला आहे. इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे, नाहीतर काही मिनिटांत त्याची कायमची हानी होईल. त्याच १०० पुढे ४ आला, तर सेन्सरच्या वायरीवरील विद्युत्‌दाब असावा त्याहून कमी आहे. पहिल्या प्रकारात इंजिन आजारी, दुसऱ्यात निरोप्या आजारी! अर्थात निरोप्या आजारी असताना इंजिन बिघडले, तर ते कळावयाचेही नाही. दिव्यावर कागद चिकटविणे म्हणूनच वेडेपणाचे.

आता आमच्या पोकलेनचा आकडा ३. त्याचा अर्थ, वायरीवरील विद्युत्‌दाब नेहमीपेक्षा अधिक. येथे मी गोंधळलो. वायर तुटली तर दाब नाहीसा व्हावा, वाढेल कसा?

त्याने नळाचे उदाहरण दिले. टाकीतून आलेल्या नळीच्या टोकाला तोटी आहे. तोटी उघडली की पाणी वाहते आणि नळीतील दाब उतरतो; तोटी घट्ट बंद केली की दाब पूर्ण चढतो. कंट्रोलर सेन्सरकडे ५ व्होल्ट दाब पाठवितो. सेन्सर गार असताना त्याचा विद्युत्‌रोध मोठा असतो, म्हणजे तोटी जवळजवळ बंद. तापला की रोध कमी होतो, तोटी उघडते आणि दाब उतरतो. या दाबावरूनच कंट्रोलर तापमान ओळखतो. वायर तुटली, की तोटी कायमची बंद! सारेच्या सारे ५ व्होल्ट कंट्रोलरपाशी राहतात, आणि तो ३ हा आकडा दाखवितो.

मग त्याने बकेट जमिनीला टेकविली आहे ना ते पाहिले, सेन्सरचा प्लग काढला आणि वायरीकडील दोन्ही टोके लहानशा तारेने एकमेकांस जोडली. म्हणजे तोटी पूर्ण उघडली. कंट्रोलरपासून प्लगपर्यंतची वाट नीट असती, तर दाब एकदम उतरून ३ च्या जागी ४ आला असता, आणि दोष सेन्सरकडे गेला असता. ३ हलला नाही. दोन सेन्सर विनाकारण बदलले गेले होते! (ही युक्ती अशा दोन वायरींच्या सेन्सरपुरतीच, भलतीकडे तार जोडल्यास कंट्रोलरच जळावयाचा.)

तार काढून त्याने मीटर लावला. एक टोक आणि यंत्राचा सांगाडा यांच्यामध्ये ५ व्होल्ट. पण दोन टोकांमध्ये शून्य. म्हणजे जाणारी वायर शाबूत, परतीची तुटलेली.

वायर शोधता शोधता तो बोलत होता. एकदम दहा तक्रारी आल्या तर दहा वस्तू बिघडल्या असे समजू नये. त्या सर्वांची सामाईक वायर किंवा बॅटरीची जोडणी आधी पाहावी. आकडे पुसण्यापूर्वी ते लिहून ठेवावेत. पुसले की पुरावा गेला. यंत्रातील निरनिराळे कंट्रोलर पीळ दिलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. त्यांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. वीज तोडून मीटर लावला तर ६० ओहम दिसावेत. १२० दिसले, तर एक टोक निखळले असे जाणावे. (१२० चे ६० कसे झाले, ते तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा.)

अखेर एका लोखंडी पट्टीच्या धारेपाशी त्याचे बोट थांबले. यंत्राच्या थरथरीने वायरीचे वेष्टन तेथे झिजले होते, पावसाचे पाणी आत शिरले होते आणि तांबे हिरवे पडून तुटले होते. त्याने मुख्य स्विच बंद केला, कुजलेला तुकडा कापून नवा जोडला, वर जाड नळी चढविली आणि वायर पट्टीपासून दूर बांधली. स्विच पुन्हा लावल्यावर पडद्यावरील आकडे गेले.

पहिला काढलेला सेन्सर चिखलात पडला होता. तो पुसून त्याने मीटरला जोडला. दोन हजारांवर ओहम दिसले. चहावाल्याकडून पेलाभर कढत पाणी मागवून सेन्सर त्यात बुडविला, तसे आकडे भराभर उतरत काही शेकड्यांवर येऊन थांबले. मुकादम वाकून पाहत होता. “हा तर चांगला आहे,” तो पुटपुटला आणि सेन्सर कागदात गुंडाळून त्याने खिशात ठेवला.