सूर घरात, माणूस दारात

शाळेचे स्नेहसंमेलन असो की शेजारच्या ताईच्या लग्नातला संगीताचा कार्यक्रम, ‘काम डाउन’ हे गाणे लागले की मुलांचे पाय आपोआप थिरकू लागतात. शब्द फारसे कुणाला कळत नाहीत, पण ठेका पाठ असतो. हे गाणे नायजेरियाच्या रेमा या तरुण गायकाचे. २०२२ साली ते आले आणि मोबाइलच्या वाटेने थेट आपल्या दिवाणखान्यात पोहोचले. मे २०२३ मध्ये रेमा भारत दौऱ्यावर आला, तेव्हा दिल्लीतही त्याचा कार्यक्रम झाला.

पण त्याच दिल्लीत रेमाच्या देशातून शिकायला आलेला एखादा मुलगा भाड्याची खोली शोधत फिरतो, तेव्हा किती दारे उघडतात?

खिडकीतले जग

दक्षिण दिल्लीत साकेतच्या झगमगत्या मॉलसमोर खिडकी एक्स्टेन्शन ही दाटीवाटीची वस्ती आहे. तिथल्या चौदाव्या शतकातल्या मशिदीचे नावही खिडकी मशीदच. नायजेरिया, कांगो, सोमालिया अशा देशांतले विद्यार्थी, व्यापारी, निर्वासित या वस्तीत येऊन राहिले. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या चवीच्या खानावळी आल्या, केसांच्या बारीक वेण्या घालून देणारी सलून आली.

संशयही आला. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या एका मंत्र्याच्या पुढाकाराने लोक मध्यरात्री इथल्या आफ्रिकी स्त्रियांवर चालून गेले. मे २०१६ मध्ये वसंत कुंज भागात रिक्षावरून झालेल्या वादात कांगोच्या एका तरुणाचा जीव गेला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली.

अशा शहरात दिवसभर बोचऱ्या नजरा झेलून खोलीवर परतल्यावर माणूस काय करतो? मोबाइलवर आपल्या गावाकडची गाणी लावतो. तेच गाणे लागोसमध्ये बहीण ऐकत असते, लंडनमध्ये मित्र. तिथे ‘तू कुठला?’ असे कुणी विचारत नाही. घटकाभर का होईना, हसायला, नाचायला हक्काची जागा मिळते.

एकच ताल

या सुरांनी शेजारीही जोडले. हिपहॉप हे संगीत १९७३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या उपेक्षित कृष्णवर्णीय तरुणांमध्ये जन्मले. दिल्लीतल्या गरीब घरांतल्या मुलांनी ते मोबाइलवर पाहून उचलले, स्वतःचे नाच चित्रित करून जगाला दाखवले. मानववंशशास्त्रज्ञ गॅब्रिएल दत्तात्रेयन यांनी या मुलांवर लिहिलेले पुस्तक २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात खिडकीतली स्थानिक मुले भेटतात, तशीच आफ्रिकी मुलेही. भाषा वेगळ्या, पण ‘आम्हालाही मान हवा’ ही ओढ एकच.

खरे तर आफ्रिकेची माणसे मराठी मुलखाला नवी नाहीत. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १६१०च्या सुमारास त्याने खडकी शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने खेळवलेल्या नहरींचे पाणी तिथल्या कित्येक पिढ्या प्यायल्या.

पुढच्या वेळी आपली मुले ‘काम डाउन’वर नाचू लागली, की त्यांना नकाशावर नायजेरिया जरूर दाखवा. आणि कधी त्या देशाचा विद्यार्थी खोली विचारत आपल्या दाराशी आला, तर दार लावण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्याचे सूर तर आपण कधीच घरात घेतले आहेत.